पाळण्याचे स्क्रू कोण सैल करतं?

देहूरोडच्या लष्करी डेपोत मी सगळी नोकरी गेटवर काढली. बाहेर पडणाऱ्याचा डबा उघडायचा, पिशवी चाचपायची, सायकलच्या सीटखाली हात घालून बघायचा. निवृत्त होऊन मळवलीच्या घरी आलो तरी ती खोड गेली नाही. आमची ही म्हणते, मी भाकरीसुद्धा उलटून बघून खातो. बघतो. त्यात काय बिघडलं? माणूस वाईट नसतो, पण तपासलेला बरा.

थंडी पडायला लागली आणि मुलगी बाळंतपणाला आली. ती लोणावळ्यात एका हॉटेलच्या ऑफिसात कामाला, जावईही तिथलाच. हे तिचं दुसरं. पहिलं सातव्या महिन्यात गेलं होतं, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. बोलून काय होणार? त्यापेक्षा हातानं काहीतरी करावं, असं मी ठरवलं. माझ्या वडलांची सागवानी खाट मोडून माळ्यावर पडली होती. तिचा पाळणा करायचा.

हिला सांगितलं तेव्हा ही तांदूळ निवडत होती. "घाई काय हाय? आदी हुंद्या की," एवढंच म्हणाली आणि सुपात डोकं घातलं. मला वाटलं, ओसरीवर भुसा नको म्हणून कुरकुरतेय.

सुतारकाम मला येत होतं असं नाही. दाराची बिजागरी बसवणं निराळं आणि पाळणा निराळा. सुरुवातीलाच मी पाळण्याच्या दोन्ही बाजू डाव्याच केल्या. समोरासमोर धरल्या तर एकीच्या खाचा आत, दुसरीच्या बाहेर! कपाळाला हात लावला. मग शिकलो, की दोन्ही फळ्या शेजारीशेजारी ठेवून आधी पेन्सिलीनं आत-बाहेर लिहायचं आणि मगच पटाशीला हात लावायचा. फळीच्या टोकाला बारीक भोक न पाडता स्क्रू पिळला, तर लाकूड उभं चिरलं. तेही शिकलो. चुकतमाकत चौकट एकदाची उभी राहिली. हलवून बघितली, मजबूत होती.

दुसऱ्या दिवशी बघतो तर चौकट डगडगत होती. म्हटलं, आपलंच कच्चं काम. पुन्हा सगळं पिळलं. परत तेच. ही म्हणाली, थंडीनं लाकूड आकसतं. लाकूड आकसतं, मान्य. पण स्क्रू स्वतःहून बाहेर येतो आणि चालत जाऊन स्क्रूंच्या डब्यात बसतो, हे मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. डब्यात स्क्रू वाढत होते. इथं कुणाचा तरी हात होता.

पहिला संशय शेजारच्या बंगल्याची राखण करणाऱ्या भाऊवर. त्याची नजर माझ्या ड्रिल मशीनवर होती, हे मला पक्कं ठाऊक. त्यात पाळण्याची एक दांडी गायब झाली. मी विड्याचं पान मागायच्या निमित्तानं त्याच्याकडे गेलो आणि इकडेतिकडे बघितलं. कोंबड्यांच्या खुराड्याला तस्साच एक गज ठोकलेला! मी सरळ वाकून बोटांनी जाडी मोजायला लागलो. तो जुन्या झाडूचा दांडा निघाला. भाऊ शांतपणे म्हणाला, "आबा, कोंबड्या बी मोजून घ्या." त्यानंतर तो माझ्याशी बोलेना.

माझी दांडी सापडली ती आमच्याच घरात, न्हाणीच्या सरपणात. सरपणाला घरात हात कोण लावतं? ही. आता मी हिच्यावर नजर ठेवायला लागलो. मी ओसरीवर बसलो की ही आत जायची, पाळण्याचं नाव काढलं की शेजारच्या म्हशीबद्दल बोलायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! माझ्या हातचं हिला काही चांगलं दिसत नाही, असं मनाशी धरून मी आतल्या आत धुमसत राहिलो.

शेवटी गेटवरचीच युक्ती केली. लोणावळ्याहून पॉलिश पेपर आणतो असं मोठ्यानं सांगून निघालो, स्टेशनपर्यंत गेलो, बाकावर जरा टेकलो आणि मागच्या बाजूनं, कापलेल्या भातखाचरांतून परत आलो. न्हाणीच्या आडोशाला उभा राहिलो. मनात म्हणत होतो, ये म्हणावं आता.

ओसरीवर मुलगी बसली होती. पाटावर, पाय पसरून, अवघडलेली. पोट सांभाळत पुढं वाकायची, एक स्क्रू उलटा फिरवून काढायची, डब्यात टाकायची. शेंगा सोलाव्यात तितक्या निवांतपणे. आत स्वयंपाकघराच्या दारात ही उभी होती आणि लेकीला थांबवत नव्हती.

मला आधी रागच आला. पुढं होऊन म्हणालो, "अगं, हे कुणासाठी चाललंय? तुझ्यासाठीच ना?"

ती दचकली नाही. स्क्रूड्रायव्हर मांडीवर ठेवून म्हणाली, "पुरा करू नका, आबा. मागच्या वेळेला सगळं तयार होतं. मच्छरदाणीसुद्धा लावलेली. दवाखान्यातनं घरी आलो, तर सगळं तसंच तयार. बाळ तेवढं नव्हतं."

आता हे सांगायला हवं, की आमच्या घरात शकुन-अपशकुन चालत नाही. वडलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातले देव इंद्रायणीत सोडले आणि त्यांच्यासोबत हेही सोडलं. मांजर आडवं गेलं तर मांजराला काम असेल, असं ते म्हणायचे. गावात लोक मूल जन्मायच्या आधी पाळणा करत नाहीत, हे मला माहीत होतं. आपल्याला ते लागू नाही, म्हणून मी तो विचारच केला नव्हता. आणि आत्ताही माझ्या तोंडून निघालंच, "आपण असलं काही..."

"मी पण मानत न्हाई," ती म्हणाली. "मला भ्या वाटतंय. पण ह्या घरात तसं म्हणायची सोय हाय का? तुमी लगेच मांजराचं सांगितलं असतं."

सांगितलं असतं. मला लाज वाटली. पोर आपल्याच बापाच्या घरात भीती लपवत होती, आणि मी खुराड्याचे गज मोजत फिरत होतो. मी तिच्या शेजारी बसलो आणि उरलेले स्क्रू मीच काढले.

त्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागलो. दांडी बोटभर आखूड कापायची. बाजूची खाच नको तितकी खाली कोरायची, मग ती बुजवायची. सांगतो तुम्हाला, चुकून चुकणं सोपं, मुद्दाम चुकायला आधी बरोबर काय ते यावं लागतं. माझा हात बसला तो याच दिवसांत. मुलगी चहा घेऊन यायची आणि विचारायची, आज काय बिघडवलं? मी दाखवायचो. ती हसायची, आणि कधीकधी हसता हसता पहिल्याबद्दल बोलायची. केस किती काळे होते, ते तिनं मला तेव्हा सांगितलं. शेजारच्या भाऊला मी घरी बोलावून चहा पाजला. तो ओठ दाबून हसत होता, पण आला.

कळा सुरू झाल्या तेव्हा जावयानं गाडी आणली आणि ही सोबत बसली. तळेगावच्या दवाखान्यात जायचं होतं. घर सोडून सगळ्यांनी कशाला, असं म्हणत मी मागं राहिलो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. पाळणा चारी बाजूंनी सैल उभा होता. त्याच्याकडे पाठ करून बसलो.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. अनोळखी नंबर. हल्ली अशा नंबरांवरून काय काय चालतं ते मला ठाऊक आहे. कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट केला. मग मनात आलं, वाईट बातमी सांगायला घरचं माणूस फोन करत नाही, परक्याकडूनच करवतात. पुन्हा वाजल्यावर उचलला आणि कानाला घट्ट लावला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

"आबा," मुलीचा आवाज पार बसला होता. "पिळा आता स्क्रू."

कुणाचा नंबर, मुलगा की मुलगी, काही विचारायचं सुचलं नाही. फोन तसाच कानाशी धरून मी ओसरीवर उकिडवा बसलो आणि मोकळ्या हातानं स्क्रूड्रायव्हर शोधायला लागलो.