मृत्युपत्राची ट्रायल

टेलरमास्तरांनी आयुष्यात एकही कपडा ट्रायलशिवाय दिला नाही. नवरदेव असो नाहीतर न्यायाधीश, आधी कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढवायचा, हात वर, हात खाली, बसा, उठा, आणि मगच पक्की शिलाई. एकदा एका बाईंनी उशांचे अभ्रे शिवायला टाकले, तर मास्तरांनी त्यांना उशा घेऊन यायला लावलं. गिऱ्हाइकं कुरकुरायची. मास्तर ऐकायचे नाहीत. त्यांच्या तोंडात सदैव टाचण्या असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालणंही अवघडच होतं.

अशाच एका ट्रायलच्या वेळी मृत्युपत्राचा विषय निघाला. समोर वकील उभे होते, दोन्ही हात आडवे पसरून, काखेत टाचण्या, पाठीवर खडूच्या रेघा. हलले तर टोचेल अशी अवस्था. इतका जागच्या जागी खिळलेला वकील पुन्हा कधी मिळणार, म्हणून मास्तरांनी मनातली गोष्ट विचारून घेतली.

मनातली गोष्ट जुनी होती. त्यांचे वडीलही शिंपीच. ते काही लिहून न ठेवता गेले, आणि दोन भावांत वाटणी झाली ती अशी की मशीन मास्तरांकडे आलं आणि वडिलांची मोठी कात्री भावाकडे गेली. आधी कात्री दे, आधी मशीन दे, असं करता करता शब्दाला शब्द वाढला. भावाने त्याच रस्त्यावर समोर दुकान थाटलं. तेव्हापासून समोरासमोर बसून एकमेकांकडे न बघण्याचं काम दोघे इतकं मन लावून करत होते, की दोघांच्याही माना एकेका बाजूला कायमच्या वळल्या होत्या. आपल्यामागे आपल्या मुलांच्या माना अशा वळू नयेत, एवढंच मास्तरांना हवं होतं.

वकिलांनी हात न हलवता सल्ला दिला. काय काय आहे ते लिहा, कोणाला काय द्यायचं ते लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा. तुमच्यानंतर मुलं उघडून वाचतील.

"आणि बसलं नाही तर?" मास्तरांनी विचारलं.

"काय बसलं नाही तर?"

"म्हणजे, मुलांना ते कुठे घट्ट झालं, कुठे ढगळ झालं, तर?"

"तेव्हा तुम्ही नसाल, मास्तर."

मास्तरांच्या तोंडातली टाचणी खाली पडली. शिवणारा गेल्यावर पहिल्यांदा अंगात घालायचा कपडा, ही कल्पनाच त्यांना धंद्याला काळिमा फासणारी वाटली.

पुढच्या रविवारी त्यांनी थोरल्या मुलीला आणि धाकट्या मुलाला घरी बोलावलं. मुलगी दवाखान्यात रक्त तपासायची, मुलगा विम्याच्या कचेरीत होता. दोघांचीही बिऱ्हाडं वेगळी. चहा झाल्यावर मास्तरांनी खिशातून पेन्सिलीने लिहिलेला कागद काढला आणि जाहीर केलं की हे मृत्युपत्र कच्च्या टाक्यांवर आहे, आणि आता त्याची ट्रायल. या क्षणापासून दिवेलागणीपर्यंत ते वारलेले असतील. गॅलरीत खुर्चीवर बसतील, एक शब्द बोलणार नाहीत. पोरांनी कागद वाचायचा, आपापला वाटा ताब्यात घ्यायचा आणि कुठे काचतंय ते बघायचं.

मास्तरीणबाई कोपऱ्यात भाजी चिरत होत्या. "वारलेला माणूस जेवणार आहे का?" त्यांनी विचारलं. "तसं आधीच सांगा, त्या बेताने तांदूळ घेते."

मास्तरांनी विचार केला. "थोडंसं," ते म्हणाले, आणि वारले.

सुरुवातीला सगळं रीतसर चाललं. मुलीने कागद मोठ्याने वाचला. दुकान आणि मशीन मुलाला. राहतं घर, मोठ्या कपाटासकट, मुलीला. बँकेतली ठेव दोघांना सारखी. गॅलरीत मास्तर कान टवकारून बसले. आता पोरगी म्हणेल, दुकान मला का नाही. आता पोरगा म्हणेल, घर तिलाच का. दोन्हींची उत्तरं त्यांच्या जिभेच्या टोकावर तयार होती.

भांडण झालंच, पण उलट्या दिशेने.

मुलगा म्हणाला, ताई, तू दुकानही घेऊन टाक. ताई म्हणाली, अरे, मी लोकांचं रक्त काढते, बटणं लावत नाही. बाबांनी तुला दिलंय, तू निस्तर. त्यावर तो म्हणाला की तिच्या वाट्याला आयतं घर आलंय. आयतं कसलं, ती म्हणाली, त्यात ते कपाट आहे, आणि ते कपाट दारातून बाहेर निघत नाही, भिंत पाडल्याशिवाय त्या खोलीत माणूस वळू शकत नाही. मग लहानपणापासूनच्या खोड्या निघाल्या, कोणी कोणाच्या गळ्यात काय काय मारलं त्याची उजळणी झाली. ज्या मशीनपायी मास्तरांनी सख्खा भाऊ गमावला, ते मशीन त्यांची पोरं मांजरीच्या पिल्लासारखं गुपचूप एकमेकांच्या दारात सोडून पळू बघत होती. आवाज चढले. मुलगी पर्स उचलून उठली. मुलगा चपला शोधू लागला.

गॅलरीतून खोकला आला. मग आणखी एक, जरा अर्थपूर्ण.

"बाबा, तुम्ही गेलाय," मुलगा आतूनच म्हणाला.

मास्तरांना मान आखडल्यासारखी वाटू लागली.

तेवढ्यात मास्तरीणबाईंनी सुरी खाली ठेवली. "तुमचं झालं असेल तर एक विचारू?" त्या म्हणाल्या. "घर हिचं, दुकान याचं. मग उद्यापासून मी झोपायचं कुठे?"

मुलीने कागद पुन्हा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. आईचं नाव कुठेच नव्हतं.

मास्तर, वारलेले असूनही, ताडकन आत आले. कागद हातात घेऊन बघत राहिले आणि मग त्यांना उमगलं. सगळ्या जगाची मापं ते लिहून घ्यायचे, फक्त बायकोचं माप त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. लग्नापासून तिचे कपडे ते नजरेच्या अंदाजानेच कापत आले होते. जे माणूस डोळ्यांसमोर आहे ते लिहून कशाला ठेवायचं? मृत्युपत्र लिहितानाही हात त्याच सवयीने चालला होता.

"अगं, घरात तू धरलेलीच होतीस," ते पडेल आवाजात म्हणाले.

"कपाटासारखी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "दारातून बाहेर निघत नाही, म्हणून घरासोबत."

मुलगी हसू दाबायला गेली आणि तिला ठसका लागला. मुलाने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं, पण त्याचे खांदे हलत होते.

मास्तरीणबाईंनी पेन्सिल मागवली. मग त्या सांगत गेल्या आणि मुलगी खोडून खोडून लिहीत गेली. यांच्यानंतर सगळं माझं, मी आहे तोवर. दुकान चालवायचं की भाड्याने द्यायचं ते मी बघेन. माझ्यानंतर उरेल ते दोघांचं सारखं. ज्याला जे नको ते दोघांनी मिळून विकावं आणि रुसू नये. पोरांचे चेहरे एकदम हलके झाले. दुकान आज कोणालाच घ्यावं लागणार नव्हतं. कपाटही नाही.

"आई, तू शंभर वर्षं जग," मुलगा म्हणाला. इतक्या कळकळीने तो आईशी कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

"शंभर कशाला? एकशेवीस म्हण," ताई म्हणाली.

मास्तरांना पुष्कळ बोलायचं होतं. दुकान भाड्याने देण्याबद्दल तर फारच. त्यांनी तोंड उघडलं.

"अजून दिवे लागले नाहीत," मास्तरीणबाई म्हणाल्या. "वारलेल्या माणसाने मध्ये बोलायचं नसतं. जा, बसा."

नियम त्यांचेच होते. ते गॅलरीत जाऊन बसले. ऊन समोरच्या छपरांवरून हळूहळू उतरत होतं, कोणाचीतरी सायकल घंटी वाजवत गेली. आत आता बाबा खरंच गेल्यावर भेटायला कोण कोण येईल, याची चर्चा रंगली होती. मुलगा एकेका गिऱ्हाइकाची नक्कल करत होता: एकजण डोळे पुसत पुसत आपल्या पँटची चौकशी करतोय, दुसरा एका बाहीचा कोट घालूनच आलाय. ताई पोट धरून त्याला बस कर, बस कर म्हणत होती, आणि मध्येच मास्तरीणबाईंचंही हसू ऐकू आलं. दोघांपैकी कोणीही घरी जायचं नाव काढत नव्हतं.

आपल्यामागे घर इतकं छान चालेल असं मास्तरांना वाटलं नव्हतं. त्यांना फार समाधान वाटलं, आणि थोडा रागही आला.