सूर्यफुलांच्या पडद्यातल्या बंदुका

बंदुकीचे किस्से म्हटलं की लोकांना वाघ आठवतात, नाहीतर दरोडेखोर. आमच्याकडे दोन्ही नाहीत. आमचे सगळे किस्से पोलीस ठाण्याच्या बाकावरचे! निवडणूक लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर सोडवून आणायची. लोकसभा झाली की विधानसभा, तिच्यामागून महापालिका. त्यामुळे पनवेलचे आम्ही चारदोन बंदूकवाले सारखे त्याच बाकावर, तेच फॉर्म हातात घेऊन भेटतो. किस्से साचतात ते असे.

मी निवृत्त शिक्षिका. बंदूक माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, त्यांना त्यांच्या वडिलांकडून आलेली. पळस्प्याच्या मागे डोंगराला लागून आमची भातशेती होती, तिथल्या रानडुकरांसाठी घेतलेली. ठासणीची बंदूक. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची, गजाने ठासायची आणि देवाचं नाव घ्यायचं! पुढे शेतीच्या जागी गोडाऊन आलं, डुकरं कुठे गेली कोण जाणे. बंदूक तेवढी राहिली.

* * *

अण्णांचे गुडघे गेले तेव्हा त्यांच्या सहीचं पत्र घेऊन मी पहिल्यांदा एकटी निघाले. बंदूक चादरीत गुंडाळली आणि रिक्षात आडवी घातली.

"पडद्याचा रॉड का, ताई?" रिक्षावाल्याने विचारलं.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग तो वाटभर त्याच्या बायकोला कसले पडदे हवेत ते सांगत राहिला. ठाण्याच्या गेटपाशी उतरले तर मागून ओरडला, "ताई, साहेबांकडे फुलाफुलांचे नका लावू. प्लेन लावा!"

आत काउंटरवर साळवी हवालदार होते. त्यांनी चादर बघितली आणि म्हणाले, "मॅडम, ही बंदूक आहे की आजारी माणूस? पुढच्या वेळी कव्हरमध्ये आणा."

पनवेलच्या बाजारात क्रिकेटच्या बॅटचं कव्हर मिळतं, गिटारचं मिळतं. एवढ्या लांब बंदुकीचं मिळत नाही. शेवटी मी हॉलचा जुना पडदा काढला आणि मशीनवर कव्हर शिवलं. पिवळ्या जमिनीवर ही मोठाली सूर्यफुलं! कापड उरलं, म्हणून गव्हाणच्या बाळाराम काकांसाठीही एक शिवलं. काका ऐंशीच्या घरातले, त्यांचीही ठासणीचीच, आजोबांपासूनची. ते ती लुंगीत गुंडाळून बसने आणायचे आणि नळी बाहेर डोकवायची. कव्हर पाहून काका इतके खूश झाले की म्हणाले, "बाई, आता हिला लग्नालापन नेता येल!"

* * *

काकांच्या परवान्यावर कारण लिहिलंय, "पीक संरक्षण". त्यांच्या शेतावर आता मोठा टॉवर उभा आहे आणि काका त्यातच अकराव्या मजल्यावर राहतात. नूतनीकरणाच्या वेळी साळवींनी विचारलं, "काका, पीक कुठलं?"

"पयलं भात. आता टॉवर."

"मग संरक्षण कोणापासून करता?"

"करायचा व्हता बिल्डरपासून. पन तो आला तवा बंदूक तुमच्याकडं जमा व्हती. इलेक्शन व्हता ना!"

* * *

कळंबोलीच्या लोखंड बाजारातले एक शेठ एकदा आमच्या बाकावर आले. कमरेला नवंकोरं रिव्हॉल्व्हर. आमच्या सूर्यफुलांकडे बघून त्यांना हसू आवरेना.

"काका, ही भरायला किती वेळ लागतो?"

"पाच मिंटं."

"पाच मिनिटांत चोर पळून जाईल की!"

"मंग जाऊ दे ना," काका म्हणाले. "पलवायचाच हाय ना त्याला?"

शेठनी शर्ट ओढून रिव्हॉल्व्हर झाकलं.

* * *

दसऱ्याला आम्ही बंदूक पाटावर ठेवून पूजा करायचो. शेवटची काही वर्षं अण्णांचं डोकं चालत नव्हतं, निदान आम्ही तसं धरलं होतं. मला ते आत्याच्या नावाने हाक मारायचे, सकाळी दोनदा चहा मागायचे. आणि दर दसऱ्याला झेंडूचा हार घालायच्या आधी बंदूक हातात घेऊन म्हणायचे, "ही आपली नाही. ही हलकी आहे."

"अण्णा, आपलीच आहे."

"आपली जड होती. दस्त्याखाली तांब्याचा पैसा ठोकलेला होता, माझ्या वडिलांनी. तो कुठाय?"

बंदुकीचा दस्ता मी पूर्वी कधी उलटून पाहिलेला नव्हता; आता बघायचे. पैसा नव्हता, खिळ्याचं भोकही नव्हतं. पुण्याहून आलेला माझा भाऊ मला डोळ्यांनी खुणवायचा, की वाद घालू नकोस. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी एक गोळी वाढवली. शेवटच्या दसऱ्याला तर मी वैतागून म्हटलं, "अण्णा, वय झालं तुमचं. करा पूजा!" त्यांनी गपचूप हार घातला.

अण्णांचं ते "ही हलकी आहे" मी बाकावर सांगितलं तेव्हा सगळे हसले. काका सोडून. ते म्हणाले, "माजी तर जड झालीय बाई, काय कलत नाय." आम्ही अजून हसलो. साळवी म्हणाले, "काका, बंदूक जड नाही होत. हात म्हातारे होतात!"

* * *

अण्णा गेले. भाऊ म्हणाला, "सरकारला देऊन टाक. तू काय करणार आहेस बंदुकीचं?"

खरंच, काय करणार होते? तरीही देववेना. अण्णांचे कपडे वाटून झाले, पलंग गेला, चष्मासुद्धा कोणीतरी नेला. त्यांचा हात लागलेली एवढी एकच वस्तू उरली होती. परवाना माझ्या नावावर करून घ्यायचा, नाहीतर ती कायमची जाणार. मी अर्ज केला.

त्यासाठी बंदूक हाताळता येते असं सर्टिफिकेट लागतं, म्हणून शूटिंग रेंजवर गेले. तिथली कोच माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने ठासणीची बंदूक कधी पाहिली नव्हती.

"मॅडम, गोळी भरायची कुठून?"

"पुढून."

"आणि जाते कुठून?"

"पुढूनच!"

ती जरा लांब उभी राहिली. मग तिने मला रेंजवरची रायफल दिली आणि दहा गोळ्या दिल्या. मी डोळा मिटून, श्वास धरून, अगदी तिने सांगितलं तसं केलं. टार्गेट जवळ आणलं तर त्याच्यावर एकही भोक नाही! शेजारी एक कॉलेजकुमार प्रॅक्टिस करत होता. त्यानेही दहाच मारल्या होत्या, पण त्याच्या टार्गेटवर एकोणीस भोकं.

"काकू," तो म्हणाला, "एक कुठे गेली?"

सर्टिफिकेट मिळालं. कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

शेवटची तपासणी होती त्या दिवशी काकाही आले होते. ते बंदूक कायमची सोडायला आले होते. मुलांना नको होती आणि सून म्हणाली होती, सासऱ्यांना आता काही आठवत नाही, घरात हत्यार नको. काउंटरवर दोन सूर्यफुलांची कव्हरं शेजारी शेजारी पडली होती. एक बंदूक माझी होणार होती आणि एक वितळवायला भट्टीत जाणार होती.

ठाण्यात साहेब नवे होते. म्हणाले, "नंबर परवान्यावरून नको. बंदुकीवरून वाचा."

आता हे आजवर कोणी केलं नव्हतं. नळीवर इतका गंज की नंबर दिसायचाच नाही. साळवी विचारायचे, मी परवान्यावरचा वाचायचे, ते लिहायचे. साळवींनी सरबतवाल्याकडून अर्धं लिंबू आणलं आणि मीठ लावून घासायला बसले. हळूहळू आकडे वर आले. त्यांनी अण्णांचा परवाना पाहिला, परत नळी पाहिली.

"मॅडम," ते म्हणाले, "ही तुमची नाही."

केस होणार का, बंदूक जाणार का, काही सुचेना. साळवींनी काकांचा परवाना ओढला आणि त्यावर बोट ठेवलं. नंबर काकांचा होता!

मग त्यांनी दुसरं कव्हर सोडलं आणि आतली बंदूक उलटी केली. दस्त्याखाली तांब्याचा पैसा होता.

"ह्यो पैसा कोनी ठोकला म्हनून मी घरात सगल्यांना इचारला," काका म्हणाले. "सून म्हनते, तुमीच ठोकलात, इसरलात. मला पन तसाच वाटाय लागला."

मी त्या पैशावरून अंगठा फिरवला. बंदूक उचलली. जड होती. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

काकांनी माझ्यासमोरची त्यांची बंदूक उचलली, खांद्याला लावली, खाली घेतली, परत लावली.

"बाई, तुमचे अण्णा काय म्हनायचे?"

"हलकी आहे म्हणायचे."

"बराबर म्हनायचे," काका म्हणाले. "माजी हलकीच हाय."