नोंदीतला ज्युलियस

वसईजवळच्या गिरीज गावातल्या ज्युलियसला आपल्या घराचा भारी अभिमान. मागं केळीची बाग, पुढं ऐसपैस पडवी, आणि बापजाद्यांपासून जागचा न हललेला उंबरा. त्याच अभिमानानं त्याचा घात केला.

दोन हजार एकच्या सुमारास कौस्तुभ नावाच्या एका तरण्या माणसानं वसई रोडला इंटरनेटची कंपनी काढली. ज्युलियस तिथं वायरी ओढायचा, गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकायचा. इंटरनेटवरच्या यंत्रांना आकड्यांचा पत्ता लागतो, आणि हे आकडे परदेशातली एक नोंदणी संस्था गठ्ठ्यानं वाटते. गठ्ठा कुणाला दिला, त्याचं नाव, घर, फोन ती जगजाहीर मांडून ठेवते. का, तर त्या आकड्यांवरनं कुणी लबाडी केली तर धरायला कुणाची तरी मान हवी.

कौस्तुभ म्हणाला, "ज्युलियस, कायमचा पत्ता मागतायत रे. माझं तर दर अकरा महिन्यांनी घर बदलतं."

"मग आमचा लिवा की शेट! आमी काय फ्लॅटवाले हाय, बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायला?"

कौस्तुभनं लिहिला, जोडीला ज्युलियसचं नाव आणि फोनही. ज्युलियस घरी येऊन बायकोला म्हणाला, "बर्था, आता अमेरिकेतनं पन आपलं घर दिसतं."

दिसलंच. दोन वर्षांत कंपनी बुडाली. कौस्तुभनं तो गठ्ठा गुपचूप कुणाच्या तरी गळ्यात मारला आणि दुबई गाठली. घेणाऱ्यांनी त्या आकड्यांवर बँकांची हुबेहूब खोटी पानं उभी केली. लोक खरी बँक समजून पासवर्ड टाकायचे आणि त्यांची खाती धुऊन निघायची. कुणी शहाणा मुळाशी गेला की नोंदीत नाव सापडायचं ते ज्युलियसचं. फोन यायचे, हिंदीत, इंग्रजीत, तेलुगूत. शिव्या तेवढ्या सगळ्या भाषांतल्या कळायच्या.

तो पोलिसांत गेला. हवालदारानं दात कोरत विचारलं, "नाव तुमचं, फोन तुमचा, घर तुमचं. मग चोर काय आमचा?"

शेवटी मुलीनं, मर्सीनं, नोंदणी संस्थेला इंग्रजीत मेल धाडली. उत्तर मोठं अदबीचं आलं.

"पप्पा, ते म्हणतात आम्ही फक्त आकडे वाटतो. पुढं त्यांचं कोण काय करतं हे बघणं आमचं काम नाही. नाव बदलायचं तर कंपनीनं कळवावं."

"कंपनी मेली म्हनावं."

"लिहिलं तसं. तर म्हणतात, कंपनीचंच पत्र लागेल."

ज्युलियसचा भाऊ फर्डिनंड पोट धरून हसला. "ह्यांच्यापरीस आपला तलाठी बरा रे! सातबाऱ्यावर मढ्याचं नाव रायलं, तरी वारस कचेरीत गेला तर खुर्चीवरनं मान वर करून बघतो तरी."

"त्यांनी ते आकडे काढून घेतले तर चोरांचं दुकान आजच बंद होईल," ज्युलियस म्हणाला.

"होईल. पन तुला इचारतो कोन?"

मर्सीचं लग्न ठरलं होतं, वटार गावच्या शॉनशी. एवढ्या नाचक्कीत ज्युलियसची एकच हौस जिवंत होती. पोरीचा हात धरून देवळाच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, मधल्या वाटेनं वेदीपर्यंत चालायचं. लग्नाआधी तीन रविवार देवळात पुकारा होतो, कुणाला काही अडथळा ठाऊक असेल तर सांगावा म्हणून. शेवटच्या पुकाऱ्याला शॉनची आई क्लेमेंटीन मुद्दाम गिरीजला आली होती.

मिस्साची प्रार्थना सुटली, आणि आवारात एका म्हाताऱ्यानं ज्युलियसची कॉलर धरली. प्रल्हाद मास्तर, थेट सांगलीहून आलेले. भाच्यानं काढून दिलेला नोंदीचा कागद त्यांच्या मुठीत होता.

"ज्युलियस तूच ना रे? बायकोच्या ऑपरेशनचे पैसे होते ते. गेली ती. आता जेव सुखानं!"

"मास्तर, देवाशपथ, मी नाय. माझं नुसतं नाव हाय."

मास्तरांनी वहाण काढली. पहिली कानावर बसली, दुसरी तोंडावर. मास्तर मारताना स्वतःच रडत होते. गाव गोल करून उभं होतं. कुणीतरी ओरडलं, "मास्तर, आमच्या वाटनीची पन एक द्या!" आणि माणसं हसली.

क्लेमेंटीन हसली नाही. दुपारी ज्युलियसच्याच पडवीत बसून, त्याच्याच घरचं जेवून, तिनं निकाल दिला. "पोरगी चांगली हाय, लगीन मोडत नाय. पन ह्या मानसाच्या हातानं पोरगी घेणार नाय. काकानं आणावी वेदीपर्यंत."

ज्युलियसनं मर्सीकडं पाहिलं. "तू काय म्हनतेस, बाय?"

मर्सी नखं बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

लग्नाच्या सकाळी फर्डिनंड दारात हजर. "तुझा नवा कोट काढ. तुला आता कुठं लागतोय?"

ज्युलियसनं काढला. फर्डिनंडला बाह्या लांब झाल्या, तर बर्थानं खाली बसून त्या आत दुमडून टाचल्या. तिनं नवऱ्याकडं मान वर करून पाहिलं नाही. बँड वाजला, वऱ्हाड देवळाकडं निघालं.

मागं मांडवात उरले ते ज्युलियस आणि डहाणूकडनं आणलेला आचारी. आचारी पातेल्यात डाव फिरवत म्हणाला, "तुमी नाय गेलात? नवरीचे कोन लागता?"

देवळाची घंटा ऐकू येत होती. ज्युलियस कांदा सोलायला बसला.

"कोन नाय," तो म्हणाला. "शेजारी."