दुपारी तीनची कडी

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. परळला भोईवाड्यातल्या चाळीत पन्नास वर्षं काढली, कधी काही दिसलं नाही. हे लिहितोय ते डोक्याचा भुगा झालाय म्हणून...

आमच्याकडे दिवसा कुणी दार लावत नसे. कुणी लावलंच, तर शेजारची शेवंतीमावशी कडी वाजवून विचारायची, बरं नाही का म्हणून. मग चोऱ्या वाढल्या. गॅलरीत आवाजासकट रेकॉर्ड करणारा कॅमेरा आला, पुढाकार माझाच. आईलाही बजावलं — मी ऑफिसात असताना दार लावून बसायचं. मावशी तर गेल्या वर्षी वारलीच.

एका मंगळवारी एकच्या सुमारास आईला व्हिडिओ कॉल आला. खाकी वर्दीतला माणूस. "तुमच्या नावावर ड्रग्जचं पार्सल सापडलंय. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. दार लावा. कुणाशी बोललात तर मुलाला उचलू." दार लावलेलंच होतं. दोन तास ती बिचारी मोबाईलसमोरून हलली नाही, पाणीसुद्धा प्यायली नाही. गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी त्याने तिच्याकडून मोडून घेतली. पैसे पाठवायचा ओटीपी आला... फक्त वाचून दाखवायचा बाकी.

तेवढ्यात कडी वाजली. "वयनी, दार कित्याक लावलंस गो?"

आई फोन तसाच ठेवून उठली.

"शेवंतीला सगळं सांगितलं मी," संध्याकाळी ती मला म्हणाली. "तर म्हणते कशी, पोलीस कधी फोनवर धरतत काय? बंद कर तो मेलो फोन. मी केला बंद."

"आई, मावशी वारली."

"ठाऊक आहे रे. त्या वेळी आठवलंच नाही."

रेकॉर्डिंग मी दहा वेळा पाहिलं. आवाजात कडी तीनदा वाजते. चित्रात ती हलतसुद्धा नाही. मग दार उघडतं, आणि आई रिकाम्या गॅलरीशी पदराने डोळे पुसत बोलत राहते. मावशीचा आवाज कुठेच नाही. आजूबाजूची सगळी दारं बंद.

भास म्हणा, कॅमेऱ्याचा बिघाड म्हणा — मला काही कळलेलं नाही, आणि शोधून शोधून आता कंटाळा आलाय. आईचे पैसे वाचले, एवढं खरं.

एक गोष्ट मात्र तिला अजून सांगितलेली नाही. त्या दिवशी दीड वाजता डबा खाताना मी मोबाईलवर कॅमेरा उघडून पाहिला होता. आमचं दार बंद दिसलं. म्हटलं, चला, आई सेफ आहे... आणि निवांत जेवलो.