इन्सुलीला राहिलेली बॅग

हे मी आजवर बायकोलाही बोललो नाही. वैजूला तर नाहीच — आणि खरं म्हणजे सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्ही परके, म्हणून धीर होतोय. हेही भित्रेपणाचंच लक्षण, नाही का?

वैजू माझी धाकटी बहीण. पीएचडीसाठी ती कित्येक वर्षं मालवणच्या मासे विकणाऱ्या बायकांच्या दारात बसून त्यांची लग्नातली गाणी रेकॉर्ड करत होती. रेकॉर्डर भरला की सगळं लॅपटॉपवर घ्यायचं, आणि तो पुसून पुन्हा वापरायचा. दोन हजार आठच्या आसपासची गोष्ट. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असताना वीज कडाडली आणि तो बसला, तो बसलाच. कुडाळच्या रिपेअरवाल्यानं आतली हार्डडिस्क काढून हातात दिली. म्हणाला, ही शाबूत असेल, यूएसबीचं केसिंग आणा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा.

केसिंग, म्हणजे डिस्क बसवायचा डबा, निवडायचं काम मी अंगावर घेतलं. ओरोसच्या कचेरीतला साधा कारकून मी, पण कॉम्प्युटरमधलं मला कळतं असा माझा तोरा! डिस्क बरोबर घेऊन म्हापशाला गेलो, कारण तिच्या मापाचं, तिच्या पिनांना बसणारं हवं. किती चोखंदळपणा केला म्हणून सांगू? प्लास्टिकचं स्वस्त होतं, पण वायर जरा हलली की डिस्क गायब. एक महागडं होतं, ते नुसतंच चकचकीत. शेवटी अ‍ॅल्युमिनियमचं साधं, घट्ट स्क्रूचं घेतलं. वायरीला दोन टोकं — एकाचा करंट पुरला नाही तर दुसरं लावायला. दुकानदारानं तिथंच जोडून दाखवलं. सगळ्या फायली दिसल्या. मी खूश होतो.

आणि मग — मग मी दारूच्या दुकानात शिरलो. गोव्याला जाऊन रिकाम्या हातानं कोण येतं? दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवल्या. एसटीचे हादरे बसू नयेत म्हणून डिस्कही त्याच टॉवेलात, मधोमध ठेवली. काळजीनं ठेवली हो.

गोव्याची हद्द ओलांडल्यावर इन्सुलीच्या नाक्यावर दारू तपासणारे गाडीत चढले. एकानं फळीवरची माझी बॅग दाबून बघितली.

"ही कोणाची?"

कोणी बोलेना. कंडक्टर वैतागला. "कोणाची आसा ती? बेगीन सांगा, गाडी थांबली हा."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सरकारी नोकर, विनापरवाना दारू — केस, साहेब, पेपरात नाव. सगळं डोक्यात आलं. पण खोटं कशाला बोलू? वैजूही आली होती डोक्यात. तरी गप्प राहिलो. बॅग खाली गेली, गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन विचारता आलं असतं. गेलो नाही.

घरी सांगितलं — डिस्क जळलीय, दुकानदार म्हणाला, काही निघायचं नाही, म्हणून तिथंच टाकून आलो.

वैजूनं मला पाणी आणून दिलं. मग म्हणाली, "दादा, तुका उगीच हेलपाटो पडलो. चूक माझीच. मीच तो चार्जिंगाक ठेवलंय."

ती माझी समजूत घालत होती! मला तेव्हा लाज वाटली, आणि सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही खरं. पीएचडी तिनं सोडली. आता शाळेत शिकवते.

पुढे मथुराबाय वारली. सगळ्यात जास्त गाणी वैजूला तिनंच दिली होती. तिची लेक आमच्या पडवीत येऊन बसली.

"बाई, आवशीचो आवाज तुमच्याकडे आसा मां? एकदा आयकवशात?"

वैजूनं तिच्यापुढे हात जोडले. "माझ्या हलगर्जीपणान गेलो गो बाय. माका माफ कर."

मी शेजारच्याच खुर्चीत होतो, पेपर वाचत.

एक गोष्ट मघाशी गाळली. म्हापशाच्या दुकानात आवाज नीट येतो का बघायला मी एक फाईल लावली होती. मथुराबायच निघाली. गाणं मध्येच थांबवून ती वैजूला म्हणत होती, "चाय पी गो आधी, निवतली." मी हसलो आणि फाईल बंद केली. त्यानंतर तो आवाज कोणी ऐकलेला नाही.

लेक चपला घालून फाटकापर्यंत गेली. मी पेपराचं पान उलटलं.