सुनेचं माहेर कोपरखैरण्यात

समोरच्या खोलीतल्या गोजराबाई कुणाच्याच डोहाळजेवणाला यायच्या नाहीत. मला आधी रागच आला. एवढा काय मेला भाव खायचा! मग एकदा भांडी घासता घासता त्यांनी आपणहून सांगितलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

त्यांची लेक पुतळा लग्न होऊन इथंच, कोपरखैरण्याला आली होती. गोजराबाई तेव्हा गावी, पाटणच्या वरच्या डोंगरात राहायच्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात मोठ्या हौसेनं येऊन लेकीला घेऊन गेल्या. मूल झालं, पण रक्त थांबेना. वस्तीपर्यंत गाडी येत नव्हती. घोंगड्याच्या झोळीत घालून माणसांनी तिला खाली उतरवायला घेतली, पण डांबरी रस्ता लागायच्या आतच ती गेली. पाठोपाठ बाळही गेलं.

"जवळ दवाखाना व्हता, तितनं मीच तिला उठवून नेली वो," एवढं बोलून त्या परत भांडी घासायला लागल्या.

पुढे त्या मुलाकडे, कृष्णातकडे राहायला आल्या. तो तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी. शहाण्णव साली त्याच्या बायकोला, शालनला दिवस गेले. तिचंही माहेर त्याच डोंगरात, आणखी आतल्या अंगाला. सातवा लागला तशी तिची आई यशोदाबाई न्यायला हजर.

"न्हाय पाठवनार," गोजराबाई म्हणाल्या.

यशोदाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "आसं कसं, विहीनबाई? पयलं बाळतपन हाय. लोक माज्या तोंडात शेन घालतील. आयला लेक जड झाली म्हनतील."

शालन रडायला लागली. तिलाही आईच हवी होती. कृष्णात नंदीबैलासारखा दोघींच्या बोलण्याला मान डोलवत बसलेला. मी म्हटलं, "अहो, तिकडे काही झालं तर...?"

"तुमी नका बोलू ताई. ही आमच्या घरातली गोष्ट हाय," यशोदाबाई फणकारल्या.

गोजराबाई उठल्या. दोन लुगडी पिशवीत कोंबली आणि घराची किल्ली यशोदाबाईंच्या हातात ठेवली. "आजपास्नं हे घर तुमचं. डबं तुमचं, चूल तुमची. लेकीचं बाळतपन तुमीच करा, पन हितं. बाळ सव्वा म्हैन्याचं हुईस्तवर मी ह्या घरात ऱ्हानार न्हाय. हेच तिचं म्हायार."

आणि बाई सरळ माझ्याकडे राहायला! मला विचारलं नाही की सांगितलं नाही. दुसरी कुणी असती तर मी ऐकवलं असतं. रोज स्वतःच्याच दाराची कडी वाजवून विचारायच्या, "विहीनबाई, येऊ का आत?" कृष्णात तर स्वतःच्या घरात जावई झाला. आम्ही सगळ्यांनी त्याला यथेच्छ पिडला. यशोदाबाई सुरुवातीला घुम्या होत्या. मग हळूहळू त्यांनी मेथीचे लाडू वळायला घेतले.

कळा सुरू झाल्या तसं शालनला रिक्षात घालून वाशीच्या दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. आणि मग तेच. रक्त थांबेना. यशोदाबाई देवाचं नाव घेत फरशीवर बसल्या. गोजराबाई भिंतीला टेकून उभ्या, डोळ्याचं पातं हलेना. डॉक्टरीणबाई धावत आल्या. इंजेक्शनं दिली, रक्त चढवलं. संध्याकाळी शालननं पाणी मागितलं, तेव्हा आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

यशोदाबाई रडतच विहिणीच्या पाया पडल्या. "तुमच्यामुळं माजी पोर ऱ्हायली."

मला वाटलं, आता तरी ह्या बाईच्या जिवाला थंडावा मिळेल. कसलं काय! रक्ताची रिकामी बाटली घेऊन सिस्टर निघाली होती, तिला गोजराबाईंनी थांबवलं.

"बाई, येवढ्यानंच भागलं?"

"हो आजी. वेळेवर आणलंत ना."

गोजराबाई तिथंच मटकन खाली बसल्या. लेकीचं सगळं सांगतानाही ज्यांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नव्हतं, त्या बाईनं छाती बडवून हंबरडा फोडला.

"येवढंच पायजे व्हतं गं, पुतळा? येवढंच?"