अण्णाने वाढवलेला आवाज

अण्णा गेल्याची बातमी आमच्या घरात सगळ्यांत आधी आबांना कळली. आबा म्हणजे आमचे वडील, आणि त्यांना तर ऐकू येत नाही. गिरणीतला माणूस गल्लीच्या तोंडाशी शेजाऱ्यांशी बोलत होता आणि ओट्यावर बसलेले आबा लांबूनच त्याचे ओठ वाचत होते. मी आत भाकरी थापत होते. बाहेरून आबांची अशी काही हाक आली, की... अण्णा, माझा थोरला भाऊ, कामावरच छातीत कळ येऊन गेला होता. काही आठवडे झाले, तरी ती हाक माझ्या कानांतून जात नाही.

सोलापुरात गिरणीच्या माग खात्यात राबलेल्यांना ही ओठांची भाषा कुणी शिकवावी लागत नाही. त्या खडखडाटात शेजारच्याचा आवाज येतो कुठे? आबांचे कान त्या खडखडाटानेच खाल्ले. माणसांपाशी त्यांचं काही अडायचं नाही, अडायचं ते रेडिओपाशी. रेडिओला ओठ कुठले! संध्याकाळी शेतीच्या गप्पा ऐकल्याशिवाय ज्यांना जेवण जात नसे, ते आबा त्या वेळेला भिंतीकडे बघत बसायला लागले. अण्णाच्या ते फार जिवाला लागलं.

मग आमच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओची जी चिरफाड सुरू झाली म्हणता! सुट्टी आली की पेटी उघडी आणि घरभर वितळल्या कथलाचा वास. आधी जास्त ताकदीचा व्हॉल्व्ह, मग ट्रान्सफॉर्मर, आणि शेवटी एवढा थोरला स्पीकर आणला की तो पेटीत मावेना. पठ्ठ्याने पुढची फळी कापली आणि वर आईच्या इरकलीचा तुकडा ताणून बसवला. "आता आत माणूसच बसीव की!" आई कडाडली. आवाज असा वाढला, की अख्खी गल्ली आमच्याच रेडिओवर बातम्या ऐकायची. दर वेळी अण्णा आबांसमोर उकिडवा बसून नुसते ओठ हलवायचा, "ऐकू येतंय?" आबा मान डोलवायचे. मग अण्णा हसत पेटी मिटायचा.

परवा रेडिओ खरखरायला लागला. मी आबांना म्हटलं, "दुरुस्तीला टाकू या. आवाजबी वाढवून घेऊ."

"न्हाय. त्यानं जोडल्यालं कुणी तोडायचं न्हाय."

"अवो, मग तुमाला ऐकू कसं येणार?"

"मला कुटं येतंय? लई दिस झालं, कायबी येत न्हाय."

"मग अण्णाला व्हय म्हणून..."

"लई खपायचं गं पोरगं," आबा म्हणाले. "न्हाय कसं म्हणू?"

आता संध्याकाळी तेच रेडिओ लावतात आणि गप्पा संपेपर्यंत पेटीवर तळवा टेकून बसतात. मला खरखरीत एक शब्द कळत नाही. काल मीही शेजारी बसले आणि त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. व्हॉल्व्ह तापून लाकूड कोमट झालं होतं आणि आवाजाने थरथरत होतं. मला रडू आवरेना... आबांनी माझा हात तिथून काढू दिला नाही.